मालेतल्या दोन खोल्या

रविवार, २ मार्च २०२५. मारुंजी

वही सृष्टीची आहे, तिच्या कॉलेजातली. पुढची लिहिलेली पानं काढून टाकली की नव्यासारखीच. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज अर्धं पान लिहीत जा आणि अक्षर मुद्दाम मोठं काढत जा. सत्तावीस वर्षं मी मुलांना हेच सांगत आले. आता माझी पाळी.

गुरुवारी एकटीच पुण्याला जाऊन आले. शाळेत बँकेचं काम सांगितलं होतं. डॉक्टरांनी बोटं उघडमीट करायला लावली, खोलीत इकडून तिकडे चालवलं, आणि चालताना माझा उजवा हात हलतच नाही हे मला आरशात दाखवलं. तीन वर्षं मी खांदा धरलाय म्हणून तेल चोळत बसले होते.

"पार्किन्सन आहे," ते म्हणाले. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं. तरी गोळ्यांनी पहिली काही वर्षं चांगली जातील. सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

"पुढच्या वेळी घरच्यांना आणा."

घरचं म्हणजे सृष्टीच. चोवीस वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरीला लागून दोन वर्षं झाली. तिचे बाबा गेले तेव्हा ती नववीत होती. तेव्हापासून या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी. तिला नाही सांगायचं. निदान आत्ता तरी नाही.

बुधवार, १२ मार्च

आज वर्गाच्या उंबऱ्यावर पाय अडकले. दुखत नव्हते, नुसते जमिनीला चिकटल्यासारखे झाले. एक पाय आत, एक बाहेर. पुढच्या बाकावरची उत्कर्षा ओरडली, "बाई स्टॅच्यू!" आणि तिसरीचा अख्खा वर्ग जागच्या जागी थिजला. कोणाचा हात डब्यात, कोणाची पेन्सिल कानात. बावीस मुलं डोळेसुद्धा न हलवता माझ्याकडे बघत होती. मी हसले. दुसरं काय करणार? पाय सुटल्यावर 'ओव्हर' म्हणाले, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतका छान खेळ बाईंनी कधी खेळला नव्हता.

दुपारी फळ्यावर गणित घातलं, तर मागून आवाज आला, "बाई, मुंग्यांएवढं दिसतंय."

रिहे खोऱ्यातल्या या शाळेत अकरावं वर्ष आहे माझं. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. सहा वर्षं स्टॅच्यू खेळता येणार नाही.

रविवार, १३ एप्रिल

ठरलं. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची.

मालेला सृष्टीच्या बाबांच्या, वाल्मीकच्या वाट्याच्या दोन खोल्या आहेत. वर पत्रा, मागे चार गुंठे जागा. शेजारी त्याचे चुलते कोंडिबाआण्णा राहतात. तिथे जाऊन राहायचं. हा फ्लॅट भाड्याने दिला की औषधपाणी त्यात भागेल, बाकीचं पेन्शनमध्ये. वॉशिंग मशीन, मिक्सर, कपाट, सोफा, काही न्यायचं नाही. एक शेगडी, चार भांडी. साड्या वाटून टाकायच्या, कारण निऱ्या आता बसत नाहीत. गाऊन आणि सलवार-कमीज पुरे. स्कूटर विकायची. दारात वाल आणि दुधी लावायचा. सकाळी गावाबाहेरपर्यंत चालायचं, दुपारी वाचायचं. हे सगळं लिहिताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आजाराचं निमित्त झालं, पण असं जगावं हे मनात होतंच की.

सृष्टीकडून एक रुपया घ्यायचा नाही. तिचं आयुष्य तिला मोकळं राहिलं पाहिजे.

संध्याकाळी तिने माझा फोन साफ करून दिला. जागा भरली म्हणून सारखा अडत होता. फोन परत देताना गप्प होती. रात्री जेवलीही कमी. ऑफिसात कामं वाढलीत म्हणे.

रविवार, १८ मे

आज तिची मैत्रीण शीतल आली होती. तिच्या तोंडून कळलं की सृष्टीला कंपनी दीड वर्षासाठी पोलंडला पाठवत होती आणि हिने नाही म्हणून कळवलं. मला सांगितलंसुद्धा नाही. मी चिडले. "अशी संधी पायाने ढकलतात का?"

"आत्ता नको वाटतंय, आई."

"का पण?"

"असंच." मग म्हणाली, "उद्यापासून मी घरून काम करू का थोडे दिवस?"

मी म्हटलं, ऑफिसला जा, घरात बसून माणूस आळशी होतं. खरं म्हणजे ती दिवसभर घरात असली तर गोळ्या घेणार कुठे? आत्ता पिठाच्या डब्यामागे ठेवते.

माझ्यासारखीच भित्री निघाली, याचं वाईट वाटलं.

सोमवार, २ जून

तीन महिन्यांची नोटीस दिली. मुख्याध्यापक दयानंद सरांना तेवढं खरं कारण सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "मुलीशी बोललात ना?"

"हो," म्हटलं.

रविवार, २२ जून

आज सृष्टीला सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं.

"नोकरीचा कंटाळा आला. मी मालेला राहायला जाणार. हा फ्लॅट भाड्याने द्यायचाय."

"आणि मी?"

"तुझ्या ऑफिसजवळ मुलींसाठी कितीतरी सोयी आहेत."

ती खुर्चीवर बसली. "आई, मी भाडं देते ना. दुसरं कोणी देईल तेवढंच. एक तारखेला."

"मुलीकडून भाडं घेऊ मी?"

"मग मीही येते मालेला. तिथून जाईन-येईन."

"दोन खोल्यांत कुठे मावणार आपण? रोज दीड-दोन तास जायला आणि तेवढेच यायला? वेडी आहेस का?"

"मग खरं कारण सांग."

"हेच खरं."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा उजवा हात ओढणीखाली होता. "सांगण्यासारखं दुसरं काही नाहीये? नक्की?"

"नाही म्हटलं ना. तू लहान नाहीस आता. आपली सोय आपण बघावी."

"ठीक आहे," म्हणाली आणि आत गेली.

आदळआपट करेल असं वाटलं होतं. एवढ्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. मुलं मोठी झाली की त्यांना आपली तेवढी गरज उरत नाही, हेच खरं.

रविवार, ६ जुलै

सृष्टी गेली. वाकडला शीतलबरोबर राहणार आहे. टेम्पोत एक गादी, दोन बॅगा आणि तिचं टेबल. जाताना जवळ आली, तेव्हा मी भांडी लावायला वळले. हात फार कापत होता.

शनिवार, १९ जुलै

घर रिकामं आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून इथे लिहिते.

सासूबाई पाच वर्षं अंथरुणावर होत्या. मी त्यांचं सगळं केलं. जेवण भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं. मालेत अजून लोक म्हणतात, रोहिणीसारखी सून मिळायला नशीब लागतं. पण चमचा त्यांच्या तोंडाशी नेताना माझ्या मनात काय चाललेलं असायचं ते कोणाला माहीत नाही. सुटका कधी, हेच. त्यांच्यापेक्षा माझ्या सुटकेचा विचार जास्त. त्या गेल्या त्या दिवशी मी मोरीत तोंड धुताना स्वतःशी हसले होते. ते हसू मला अजून आठवतं.

सृष्टीने तसं हसू नये. तिला हसावंसं वाटेल अशी वेळच आणायची नाही.

हे तिला कसं सांगणार?

शनिवार, ३० ऑगस्ट

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, मुलांची गाणी. उत्कर्षाने मला पत्र दिलं. 'बाई तुम्ही आम्हाला खूप आवडता. तुम्ही स्टॅच्यूत पहिल्या येता.' सही करताना दयानंद सरांनी वही हलू नये म्हणून हळूच धरून ठेवली. तेवढ्यानेच रडू आलं.

सृष्टीला बोलावलं नव्हतं. तिने दुपारी मेसेज केला: 'आज शेवटचा दिवस ना. कशी आहेस?' मी लिहिलं, 'मजेत.' टाइप करायला फार वेळ लागला.

रविवार, १४ सप्टेंबर. माले

येऊन नऊ दिवस झाले. मारुंजीतला फ्लॅट दोन नोकरदार मुलांना दिला. इथे शांत आहे. समोर भातखाचरं पोपटी झालीत, डोंगरावर दिवसभर ढग. पाऊस थांबत नाही, पत्र्यावर एवढा आवाज होतो की रेडिओ ऐकू येत नाही. कोंडिबाआण्णा रोज दारातून विचारतात, "काय लागतंय का, सूनबाई?" आणि मी रोज सांगते, काही नाही.

धुणं आणि पाणी भरायला त्यांनी लिलाबाईला लावून दिलंय. वरच्या वाडीतून येते. पन्नाशीची असेल, काटकुळी, पण दोन हंडे एकदम आणते. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून मी भाकरी थापत होते ते बघत राहिली. भाकरी कसली, पिठाचा नकाशा.

"बाई, हात कापतोय तुमचा."

"थंडी आहे."

"हितं कुटं थंडी? भादवा हाय." परात ओढून घेतली आणि चार भाकऱ्या थापून मोकळी झाली. जाताना म्हणाली, "भाकरीचं येगळं द्याचं बरं का. धुन्यात न्हाई येत ते."

रविवार, ५ ऑक्टोबर

एक गोष्ट कागदावर कळली नव्हती. साधं जगायला दोन धड हात लागतात.

मिक्सर नाही म्हणून पाटा घ्यायचा, तर वरवंटा धरवत नाही. वॉशिंग मशीन नाही म्हणून लिलाबाई. स्कूटर नाही म्हणून पौडला औषधं आणायला बस, आणि बसची पायरी चढताना पाय अडकले की मागचे लोक ओरडतात. वाल लावले, तण काढायला वाकता येत नाही. मी जी योजना केली ती धडधाकट बाईची होती. एखाद्या शहाण्या, तब्येतीने ठणठणीत रोहिणीची. ती इथे आली असती तर तिला फार आवडलं असतं.

लिलाबाईने आज माझी वेणी घालायला फणी मागितली. मी दिली नाही. जमते मला, म्हटलं. जमत नाही. केस कापून टाकेन.

"पोरीला म्हाईत हाय का?" तिने विचारलं.

"काय?"

"ह्येच. हात, पाय."

"नाही."

"का?"

"तिला त्रास नको."

लिलाबाई पिळे झटकत म्हणाली, "माजी सून हिंजवडीला कामाव जाती. मला ताप आला तवा म्या सांगितलं न्हाई. आठ रोजानं कळलं तर लई भांडली. म्हनली, आत्याबाई, मला परकी केली." मग बादली उचलून गेली. तिचं सुनेशी पटत नाही बहुतेक.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

सृष्टी दिवाळीला एका दिवसासाठी आली. गोळीच्या वेळा बरोबर जुळवल्या होत्या, म्हणून दुपारपर्यंत मी बरी होते. चकल्या विकतच्या ठेवल्या, पण हात मांडीखाली दाबून बसले होते. तिने तीनदा विचारलं, "तुला काही सांगायचंय का मला?" आधी चहा घेताना, मग मागच्या अंगणात, मग निघताना चपला घालताना. तिन्ही वेळा नाही म्हटलं.

चपला घालून झाल्यावर ती म्हणाली, "मग माझं सांगते. पोलंडचं परत विचारलं होतं. मी हो म्हटलंय. जानेवारीत जाईन."

"छान झालं," म्हणाले. खरंच छान झालं. हेच तर हवं होतं मला.

ती गेल्यावर आण्णांनी विचारलं, पोरगी रडत का गेली? त्यांना मोतीबिंदू आहे, त्यांना काय दिसणार.

रविवार, ९ नोव्हेंबर

भातकापणी संपली. अक्षर फार बारीक होतंय, मागची पानं मलाच लागत नाहीत. आज हे एवढंच.

रविवार, २८ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायचंय, वेळ लागला तरी.

सृष्टी निरोप घ्यायला यायची होती. अकराला येते म्हणाली होती. मी दहाला गोळी घेतली, म्हणजे दीडपर्यंत काळजी नाही. पिठलं-भात करून ठेवला. लिलाबाईला मुद्दाम सुट्टी दिली. पण पिरंगुटला वाहनं अडकली होती आणि तिची गाडी दोन वाजता आली. तोवर मी पलंगाच्या कडेला बसले होते, तिथून उठताच येईना. कडी आतून लावलेली होती. का लावली होती देव जाणे.

"आई, दार उघड."

"उघडते," म्हटलं.

चार हातांवर दार. मी पाय ओढायला बघत होते, पण ते माझं ऐकत नव्हते. तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा "आले, आले" म्हटलं. आवाजसुद्धा बारीक झाला होता.

मग बाहेर ती पायरीवर बसल्याचा आवाज आला. दाराला पाठ टेकून.

"सावकाश ये. मी बसलेय," ती म्हणाली. "घाई नाही."

मी पलंगाची कड धरून पुन्हा पाय ओढला.

"आई, मला एप्रिलपासून माहीत आहे. तुझा फोन साफ करताना डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दिसला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सगळं वाचलंय मी त्याच्याबद्दल. त्या डॉक्टरांना जाऊन भेटलेसुद्धा. ते म्हणाले, पेशंटने सांगितल्याशिवाय मी बोलू शकत नाही, पण तिला वेळ द्या, ती सांगेल. म्हणून दिला वेळ. पोलंडला नाही म्हटलं. घरून काम करते म्हटलं. भाडं देते म्हटलं. मालेला येते म्हटलं. दिवाळीत तीनदा विचारलं. आणखी काय करायचं होतं मी?"

"तू विचारायचंस सरळ," मी आतून म्हटलं. किती मूर्ख उत्तर.

"तुझं होतं ते, आई. तू सांगायचं होतंस." मग थोडं थांबून म्हणाली, "तू मला घराबाहेर काढलंस तेव्हा वाटलं, हिला मी नकोच आहे. आजारापेक्षाही मी नको आहे."

मी पलंगावरून खाली घसरले आणि बसल्या बसल्या सरकत दारापर्यंत गेले. लहान मूल सरकतं तशी. मधे खूप वेळ गेला. कडी काढली. दार उघडलं तेव्हा मी जमिनीवर आणि ती पायरीवर, डोकी एका पातळीवर. मी सासूबाईंचं सगळं सांगितलं तिला. मोरीतलं हसणंसुद्धा. ती ऐकत होती.

"मलाही येईल हसू," ती म्हणाली. "येऊ दे ना. तुला काय करायचंय?"

पिठलं गार झालं होतं. तिने भरवलं. मी खाल्लं.

बुधवार, ३१ डिसेंबर

निघायच्या आधीची रजा तिने इथेच काढायची ठरवलीय. सकाळी माझी वेणी घालते. लिलाबाई दारातून बघून म्हणाली, "मला नव्हती दिली फनी," आणि खरोखरच रुसली. सृष्टीने तिला चहा दिला. दोघींनी मिळून मोरीत धरायला दांडा कुठे लावायचा, पलंगाची उंची किती वाढवायची, रात्री सोबतीला वाडीतली कोण येईल, सगळं ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. मी वाल सोलत बसले होते. बरं वाटत होतं.

रविवार, ४ जानेवारी २०२६

काल दुपारी सृष्टी म्हणाली, "मी थांबू का? अजून नाही म्हणता येईल. एकदा म्हटलंच होतं."

जूनमधली रोहिणी लगेच म्हणाली असती, काही गरज नाही, जा. मी तिचे हात धरले. माझा हात तिच्या हातात कापत होता, तो कापू दिला.

"थांबावंस असं वाटतं," म्हणाले. "फार वाटतं. आणि तरी जा."

ती खूप रडली. मग म्हणाली, "हे असं आधी म्हणाली असतीस तरी मी गेलेच असते गं. पण किती हलकी होऊन गेले असते!"

तेच मला काल दुपारपासून सोडत नाहीये. डॉक्टर म्हणाले होते, पहिली काही वर्षं चांगली जातील. त्या चांगल्या दिवसांतले नऊ-दहा महिने मी तिच्यापासून लपण्यात घालवले. त्यातले तीन तर एकाच छताखाली, ती वाट बघत होती आणि मी पिठाच्या डब्यामागे हात घालत होते. ती परत येईल तेव्हा मी कशी असेन हे कोणी सांगू शकत नाही. तिला आठवायला मी कोणती आई दिली? भांडी लावायला वळलेली, पाठमोरी.

सकाळी अकराला ती निघाली. आण्णा गाडीपर्यंत गेले. मी पायरीवरून बघितलं.

संध्याकाळी विमानतळावरून फोन आला. "आई, जेवलीस?"

"नाही," म्हटलं. "हात अजिबात चालत नाहीये आज. लिलाबाई येतेय भरवायला. आणि मला तुझी आठवण येतेय."

पलीकडे कुठल्याशा विमानाची घोषणा झाली.

"बरं," ती म्हणाली. "उद्या परत विचारीन."